विहीणबाईंशी बोलायचं नाही

दार उघडल्यावर समोर उभ्या असलेल्या पोराला बघून मोरीनच्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला डम्पलिंग पुरायची नाहीत. दुसरा विचार तिच्या भावानं केला. रॉइस तिच्या मागोमाग दाराशी आला होता, नव्या विहीणबाईंसाठी केस पाण्यानं चापून बसवून, नवा टाय लावून. त्यानं पोराकडे मान वर करकरून पाहिलं आणि हातातला बर्फाचा चहा गालिच्यावर सांडला.

"आंद्रे फाँटेनो," तो पुटपुटला. "मोरीन, अगं, हा तो आंद्रे फाँटेनो आहे."

फाँटेनो हे आडनाव मोरीनला आठ महिन्यांपासून माहीत होतं. तिच्या मुलीचा, डीनाचा, होणारा नवरा ल्यूक फाँटेनो, लुइझियानात डीनाच्याच इस्पितळात काम करणारा, चष्मेवाला आणि शांत. त्या मुलखात दगड भिरकावला तर तो फाँटेनोलाच लागतो, त्यामुळे आडनावावरून कोणाला काही सुचायचं कारण नव्हतं. फोनवर डीना एवढंच म्हणाली होती, की ल्यूकची आई येईल आणि धाकटा भाऊ येईल. भाऊ शाळेत आहे, जरासा खेळतो.

जरासा. साडेसहा फूट उंची, तीनशे पौंड वजन, आणि तीन राज्यांतल्या वर्तमानपत्रांत फोटो. रॉइसच्या पाकिटात बायकोचा फोटो नव्हता, पण या पोराचं कात्रण होतं. टॉलिव्हर कॉलेजच्या फुटबॉल संघाला, म्हणजे गावाच्या भाषेत 'बगळ्यांना', या हिवाळ्यात असाच एक डोंगर हवा होता. शाळकरी खेळाडू आपलं कॉलेज निवडून करार करतात तो सह्यांचा दिवस दहा दिवसांवर आला होता आणि पोरगा कुठे सही करणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गावात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे त्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते. आणि तो देव आज, जानेवारीतल्या रविवारी भर दुपारी, चर्चचे कपडे घालून, स्वतःच्या पायांनी मोरीनच्या दारात आला होता.

मोरीनच्या तोंडचं पाणी पळालं ते मात्र आनंदानं नव्हे. टॉलिव्हरच्या समर्थक मंडळाची ती अकरा वर्षं चिटणीस होती. नियमांचं पत्रक दर ऑगस्टमध्ये तीच टाइप करायची आणि किराणा दुकानापासून पेट्रोलपंपापर्यंत तीच डकवून यायची. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: ज्यानं संघाला एकदा देणगी दिली किंवा हंगामाचं तिकीट घेतलं, तो मरेपर्यंत समर्थक. समर्थकानं भरतीतल्या, म्हणजे संघात घ्यायच्या, मुलाशी बोलायचं नाही, त्याला काही द्यायचं नाही, एक घोट पाणीही नाही. त्याच्या आईशी, भावंडांशीही तेच. रस्त्यात अवचित गाठ पडलीच तर सभ्यपणे नमस्कार करावा आणि चालू लागावं.

"नमस्कार," मोरीन म्हणाली आणि चालू लागली.

घर तिचंच असल्यामुळे चालू लागून जाणार कुठे हा प्रश्न होता. ती स्वयंपाकघरात गेली. मागून रॉइसचा "नमस्कार" ऐकू आला आणि पाठोपाठ रॉइसही आत आला. दोघांनी वडिलांची वाट पाहिली. बाबा येईनात. मोरीननं दारातून डोकावून पाहिलं, तर एकोणऐंशी वर्षांचे हॉलिस प्रेविट पोराचा पंजा दोन्ही हातांत धरून उभे होते. तोंडानं ते काही बोलत नव्हते, नियम त्यांनाही पाठ होता. फक्त हात सोडत नव्हते, आणि बैलबाजारात पाहतात तसं त्याच्या खांद्याकडे पाहत होते. शेवटी रॉइस गेला आणि त्यांना कोपराला धरून आत घेऊन आला.

"केवढा हात आहे," बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसून स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

बाहेर दिवाणखान्यात डीना, तिचा ल्यूक, विहीणबाई ओडील आणि तो डोंगर असे चौघं उरले. घरातले यजमान नमस्कार करून आत पळालेले. यजमानांनी पाहुण्यांना "बसा" म्हटलेलं नाही, विहीणबाईंचा कोट घेतलेला नाही. पाच तास गाडी चालवून आलेल्या बाईला कसं वाटलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि मोरीनला आजच्या दिवशी एकच गोष्ट हवी होती: हे जेवण नीट व्हावं. डीना चार वर्षांनी घरी आली होती. मधल्या काळात दोन नाताळ तिनं फोनवर उरकले होते आणि पुढचे दोन पत्रावर. लग्न लुइझियानात करायचं की इकडे, हे अजून ठरायचं होतं; खरं सांगायचं तर लग्नाला आईला बोलवायचं की नाही, हेही ठरायचं होतं असा मोरीनला संशय होता. म्हणून तिनं पहाटे उठून दोन कोंबड्यांचा रस्सा केला होता, त्यात डम्पलिंग, म्हणजे पिठाचे गोळे, सोडले होते, मक्याचा पाव भाजला होता, पिकान या अक्रोडासारख्या मेव्याची गोड 'पाय' पेस्ट्री करून खिडकीत ठेवली होती. आणि त्यातलं आता काहीही कोणाला वाढता येत नव्हतं.

रॉइसला तर घामच फुटला होता. त्याच्यावर हा प्रसंग एकदा येऊन गेला होता. नऊ वर्षांपूर्वी संघातल्या एका पोराची आई आजारी पडली, तेव्हा ह्यानं दुकानातले चार टायर त्याच्या गाडीला बसवून दिले. भलेपणा केला, आणि भलं झालं ते असं: कॉलेजवर दोन वर्षं बंदी आली, आणि रॉइसला पाच वर्षं मैदानात पाय ठेवायला मनाई झाली. ती पाच वर्षं तो मैदानाबाहेर गाडी लावून, काचा वर करून, आतला सामना रेडिओवर ऐकत असे. पुन्हा तसं झालं तर आपण हे गाव सोडून जाऊ, असं तो बर्फ काढता काढता म्हणाला आणि तो बर्फ कोणासाठी काढतोय हे आठवून परत आत ठेवला.

मोरीननं कॉलेजच्या नियमवाल्या साहेबांना घरी फोन लावला. पेटीबोन साहेबांच्या तोंडात घास होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घास गिळला.

"तुम्ही नमस्कार करून चालू लागा," ते म्हणाले.

"लागले साहेब. स्वयंपाकघरापर्यंत आले. पुढे मागचं अंगण आहे, आणि मग शेजाऱ्यांचं कुंपण."

पेटीबोन साहेब म्हणाले, सोयरिकीचं प्रकरण त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं आहे. मोठं पुस्तक बघावं लागेल, वरच्या साहेबांना उठवावं लागेल. अर्धा तास द्या. तोवर कोणी पाहुण्यांना काही वाढू नका, काही देऊ नका, आणि बोलू तर मुळीच नका.

एवढ्यात डीना आत आली. गाल लाल, डोळे मोठे. तिनं सरळ विचारलं की हे काय चाललंय, आणि रॉइस मामानं तिला सगळं सांगितलं. मोरीनला वाटलं, आता हिचा भडका उडणार. डीनानं आधी आईकडे पाहिलं, मग मामाकडे, मग आजोबांकडे, आणि मग ती ओट्याला टेकून हसायला लागली. हसता हसता खाली बसली.

"म्हणजे," ती दम खात म्हणाली, "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पाहुणा घरात आलाय आणि तुम्हाला त्याच्याशी बोलता येत नाही?"

"हसू नकोस," रॉइस म्हणाला. "आणि तू हे आम्हाला आधी सांगायला हवं होतंस."

"मला काय माहीत? ल्यूकलाही नाही माहीत. त्याला चेंडू गोल असतो की लांबट तेही सांगता येत नाही. म्हणून तर पसंत केला मी त्याला."

मोरीनला हसू येऊ नये असं फार वाटत होतं, पण ते आलंच. नाकातून आलं. मग मायलेकी दोघी एकमेकींकडे न बघता हसत राहिल्या, आणि मोरीनला वाटून गेलं की चार वर्षांत या पोरीबरोबर हसायला हे एवढं संकट यावं लागलं.

रॉइस मात्र विचारात पडला होता. त्यानं डीनाला विचारलं, तिनं कधी टॉलिव्हरचं तिकीट काढलं होतं का? नाही. मंडळाला देणगी? नाही. सोडतीचं एखादं कूपन, चर्चबाहेर संघासाठी विकतात तो केक? डीना म्हणाली, तिनं आयुष्यात बगळ्यांवर एक छदाम खर्च केलेला नाही आणि शिकायलाही ती मुद्दाम दुसऱ्या राज्यात गेली. लहानपणी तिला एक जांभळी टोपी दिली होती, ती तिनं कुत्र्याला घातली.

रॉइसनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू देवळाचा कळस दिसला.

"तीन पिढ्यांत ही एकटीच निर्दोष आहे," तो म्हणाला. "मोरीन, ही बोलू शकते. आपण हिच्याशी बोलायचं. भाचीशी बोलायला कोणाची बंदी नाही. ही त्यांच्याशी बोलेल."

अशी ही मिरवणूक दिवाणखान्यात आली. पाहुणे तिघंही इंग्रजीच बोलणारे, खोली बारा फुटांची, आणि यजमानांचा प्रत्येक शब्द पाहुण्यांना लख्ख ऐकू येणारा. तरी सगळ्यांनी गंभीर चेहरा केला. मोरीन डीनाकडे तोंड करून म्हणाली, विहीणबाईंना सांग की त्यांचा प्रवास कसा झाला असं मला विचारायचं आहे, पण विचारता येत नाही. डीनानं वळून ओडीलला सांगितलं. ओडील डीनाला म्हणाली, प्रवास ठीक झाला म्हणून सांग. डीनानं परत वळून ते सांगितलं. आंद्रे प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता आणि ल्यूक चष्मा पुसत होता.

मग डीनानं नियम समजावून सांगितला. ओडीलला तो नवा नव्हता. ती शाळेची बस चालवायची, आणि गेले सहा महिने बसच्या दाराशी कोण कोण येऊन गेलं होतं ते तिनं पाहिलं होतं. एका कॉलेजच्या कुणा समर्थकानं ओसरीवर अख्खी मांडी ठेवली होती डुकराची, ती तिनं दुसऱ्या दिवशी परत पाठवली. पण आजचं वेगळं, असं ती म्हणाली.

येताना तिनं घरी केलेल्या पिकानच्या वड्या आणल्या होत्या. तो डबा टेबलावर ठेवलेला होता. घ्यावा की न घ्यावा यावर रॉइसनं आतल्या आत पुस्तक चाळलं आणि जाहीर केलं की द्यायला बंदी आहे, घ्यायला नाही. बाबांनी लगेच दोन उचलल्या. आणि मग जे दृश्य झालं ते मोरीनला जन्मभर पुरणार होतं: पाच तास उपाशी आलेले पाहुणे समोर हात मांडीवर ठेवून बसलेले, आणि यजमान त्यांचाच खाऊ खात आहेत. स्वयंपाकघरातून रश्श्याचा वास येत होता. आंद्रेच्या पोटात असा गुरगुराट झाला की खोलीतल्या सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

थोड्या वेळानं ओडीलनं डीनाला हळूच विचारलं, न्हाणीघर कुठे आहे. डीनानं आईकडे पाहिलं. मोरीननं रॉइसकडे पाहिलं. रॉइस म्हणाला, साबण आणि टॉवेल म्हणजे देणं झालं का, हे साहेबांना विचारायला हवं.

"मामा," डीना म्हणाली.

"बरं. डावीकडे दुसरं दार. पण हे मी तुला सांगितलं."

ओडील परत आली ती हात कोटाला पुसत. टॉवेलला तिनं हात लावला नव्हता. ती बसली नाही. साठीची, ठेंगणी, पाठ ताठ असलेली बाई; तिनं आपली पर्स खांद्याला लावली. डीनाकडे तोंड केलं, पण आवाज मोरीनसाठी होता.

"सांग तुझ्या आईला. नियम मला कळतात. मीच माझ्या पोराला सांगितलंय, कोणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. पण मी इथे आले ती खेळाडूची आई म्हणून नाही आले. नवऱ्या मुलाची आई म्हणून आले. हिला मी दारात उभी दिसले तेव्हा हिच्या डोक्यात आधी काय आलं? सोयरीक की कॉलेज? ज्या घरात कॉलेज पोटच्या पोरीच्या आधी येतं, तिथे माझ्या ल्यूकची काय पत्रास? विचार तिला."

डीनानं आईकडे पाहिलं. हे शब्द तिनं पुन्हा म्हणून दाखवायची गरज नव्हती, आणि ती दाखवणारही नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मघाच पुसलं गेलं होतं. मोरीनला कळलं, की विहीणबाईंनी जे विचारलं तेच ही पोर चार वर्षं विचारत होती, फक्त घरी न येऊन.

"डीना," मोरीन म्हणाली, "त्यांना सांग की बरोबर आहे त्यांचं."

ती डीनाकडे एक पाऊल सरकली.

"सांग, की या घरात कॉलेज मुलीच्या आधी आलं होतं. तुझ्या नर्सिंगच्या समारंभाला तू तीन खुर्च्या राखून ठेवल्या होत्यास. मी म्हणाले होते, सामन्याच्या मध्यंतराला निघू, तासाभरात पोचू. मध्यंतराला आपण पुढे होतो. म्हणून बसून राहिले. मग मागे पडलो, तर म्हटलं आता उठले तर अपशकुन होईल. सांग त्यांना, त्या दिवशी किती गुणांनी हरलो ते आज मला आठवत नाही. त्या तीन खुर्च्या मी पाहिल्यासुद्धा नाहीत, पण त्या आठवतात. रोज नाही. बऱ्याचदा. आणि मी फोनवर तुला म्हणाले होते की एवढं काय त्यात. ते सांग. ते मी म्हणायला नको होतं."

बाबा हातातल्या वडीकडे बघत होते. त्या तीन खुर्च्यांतली एक त्यांची होती आणि एक रॉइसची.

ओडील डीनाकडे वळली. "काय म्हणतात त्या?" तिनं विचारलं. तिनं शब्दन्‌शब्द ऐकला होता, पण आता रीत पडून गेली होती.

डीनानं नाक ओढलं. "ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "ते तुमच्यासाठी नव्हतं. ते माझं होतं."

ओडीलनं पर्स खांद्यावरून काढली आणि मांडीवर घेऊन बसली. कोट तिनं अजून काढला नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. मोरीन उठून गेली आणि रॉइस तिच्या मागे धावला, कान फोनच्या मागच्या बाजूला लावून उभा राहिला. पेटीबोन साहेबांनी मोठं पुस्तक पाहिलं होतं आणि वरच्या साहेबांनाही उठवलं होतं. निकाल असा: सोयरीक अजून झालेली नाही, ठरते आहे, त्यामुळे सूट नाही. मुलगा या घरात जेवला तर तो दोषी नाही, देशातल्या कोणत्याही कॉलेजात खुशाल खेळेल. फक्त एका कॉलेजात खेळता येणार नाही.

"आपल्या," मोरीन म्हणाली.

"आपल्या," साहेब म्हणाले. "त्याचं नाव आपल्या यादीतून आपणच काढायचं आणि विषय संपला. मग तुम्ही बोला, वाढा, काय हवं ते करा, विचारणारं कोणी नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर त्यांना महामार्गावरच्या खाणावळीत स्वतःच्या पैशानं जेवायला पाठवलं असतं. प्रशिक्षकांना मी काय तोंड दाखवू?"

मोरीननं फोन ठेवला. रॉइस तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला, अक्षरशः जोडून. तो म्हणाला, खाणावळ चार मैलांवर आहे, चांगली आहे, त्यांची कोंबडीही वाईट नसते. आज एक दिवस. मग दहा दिवसांनी सही झाली की विहीणबाईंच्या पायावर लोळण घेऊ, पत्र लिहू, हवं तर लुइझियानापर्यंत चालत जाऊन माफी मागू. हातातोंडाशी आलेला घास असा घालवायचा का? तो खोटं बोलत नव्हता. चालत गेलाही असता.

"नदीपलीकडच्या कॉलेजला हरवून अकरा वर्षं झाली," दारातून बाबा म्हणाले. ते कधी उठून आले कोणाला कळलं नव्हतं. "मला पुढची अकरा नाहीत, पोरी. हे मी नुसतं सांगतोय. तुला अडवत नाही."

मोरीननं रश्श्याचं पातेलं दोन्ही कानांना फडकं धरून उचललं आणि ते बाहेर जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. झाकण काढलं नाही. कोणालाच बोलावलं नाही, पण सगळे आले आणि उभे राहिले. तिनं डीनाला साहेबांचा निकाल जसाच्या तसा सांगितला, आणि म्हणाली, आयुष्य त्या मुलाचं आहे, तर हे आधी त्याला विचार.

डीनानं विचारलं. इतक्या वेळात आंद्रे एक अक्षर बोलला नव्हता आणि त्याचा आवाज अंगाच्या मानानं फारच मऊ निघाला.

"टॉलिव्हर माझ्या यादीत होतं," तो म्हणाला. "मला जांभळा रंग आवडतो." रॉइसनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "पण बावीस कॉलेजांची पत्रं आलीत. हे गेलं तर एकवीस उरतात. ल्यूकला बायको मात्र ही एकच मिळतेय, आणि ती आईला आवडलीय. आईला सहसा कोणी आवडत नाही." मग तो पातेल्याकडे वळला. "यात काय आहे?"

"डम्पलिंग," डीना म्हणाली.

"मग माझं काही म्हणणं नाही."

त्याचं म्हणणं नव्हतं, आणि त्याच्या आईनंही मान हलवून आपलं नसल्याचं कळवलं. उरली मोरीन. वाढायचं तिला होतं, तिच्याच हातानं तो मुलगा जायचा होता. रॉइस अगदी हळू म्हणाला, "दहाच दिवस, मोरीन." डीना आईकडे बघतही नव्हती. टेबलाच्या कडेवर तिची बोटं होती आणि ती बोटं अगदी स्थिर होती, ज्याला कशाचीच आशा करायची नाही अशा माणसासारखी.

मोरीननं झाकण काढलं. पळी बुडवली, तळातून चार डम्पलिंग नीट वर काढली, त्यांवर कोंबडीचा मोठा तुकडा ठेवला, वरून रस्सा घातला, आणि ती ताटली आंद्रे फाँटेनोच्या पुढे ठेवली. पोरानं आईकडे पाहिलं आणि मग चमचा उचलला. पहिला घास गेला. रॉइसनं डोळे मिटले. गेला, टॉलिव्हरचा डोंगर गेला.

बाबांनी खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले.

"त्याला आणखी वाढ," ते म्हणाले. "चार काय वाढतेस? जातोच आहे तर पोटभर तरी जाऊ दे."

डीना फिसकन हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. ल्यूक चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिला. रॉइस डोळे मिटलेल्या अवस्थेतच मक्याचा पाव पाहुण्यांकडे सरकवू लागला, आणि सगळा पाव सरकवून झाल्यावर त्यानं डोळे उघडून पोराला विचारलं की गुडघे कसे आहेत, थंडीत दुखतात का, रात्री दूध पितोस का. त्याला विचारायचं होतं ते महिनाभराचं साचलेलं होतं. ते आता एकदम बाहेर पडत होतं आणि पोरगा भरल्या तोंडानं त्याला नीट उत्तरं देत होता.

मोरीन टेबलाला वळसा घालून ओडीलपाशी गेली. आता मध्ये कोणी नको होतं. तिनं बाईचा कोट खांद्यांवरून उतरवून हातावर घेतला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या मुलाला हव्या त्या कॉलेजात पाठवा. माझ्या मुलीला तेवढी अधूनमधून इकडे पाठवत जा."

ओडीलनं तिच्याकडे पाहिलं, मग डीनाकडे पाहिलं, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून आपली ताटली पुढे केली.